नाशिकचा वाइन क्लब, वरूडचं ऊन : १४ महिन्यांनंतर

पोरगी नाशिकला नोकरीला. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिनं तिथल्या एका वाइनरीच्या क्लबात माझं नाव घातलं. १४ महिने झाले, चार खोकी आली. वाइनरीचं नाव घेत नाही, कारण झालेल्या घोळात अर्धी चूक आमचीच होती.

क्लब म्हणजे वाइनरीनं गिऱ्हाईक आधीच बांधून घेणं. आमच्याकडे, अमरावती जिल्ह्यातल्या वरूडला, व्यापारी झाडावरच संत्र्याची बाग घेतो ना, तसंच. फक्त इथं बाग त्यांची अन् व्यापारी आपण. दर तीन महिन्यांनी सहा बाटल्या घ्यायच्या, वर्षभर नाव काढता येणार नाही. बदल्यात १५ टक्के सूट, टेस्टिंग फुकट, अन् दुकानात न येणाऱ्या लहान बॅचमधली एखादी बाटली. ही पद्धत कॅलिफोर्नियात जुनी. तिथं ठरल्या महिन्यात कार्डावरून पैसे कापले जातात अन् खोकं दारात येतं. कडक उन्हाळ्यात कितीतरी वाइनऱ्या खोकी पाठवतच नाहीत, गारवा पडेपर्यंत ठेवून घेतात. हे मला उशिरा कळलं.

आमच्या क्लबात घरपोच नाही, वाइनरीवर जाऊन उचलायचं. एप्रिलचं खोकं पोरगी मे महिन्यात घेऊन आली. रात्री निघ म्हटलं होतं, निघाली सकाळी. बाटल्या दिवसभर डिकीत, अन् जेवायला मूर्तिजापूरला थांबली तेव्हा गाडी उन्हात. घरी खोकं उघडलं तर दोन बाटल्यांचे कॉर्क तांदळाच्या दाण्याएवढे वर आलेले, वरच्या आवरणाखाली चिकट जांभळा डाग. शिराझ, म्हणजे रेड वाइन, ओतली तर शिजवलेल्या मनुकांचा वास. आमची ही एक घोट घेऊन म्हणाली, "हे तं खिसमिसचं पाणी हाये जी!" आट्याचं बूच होतं त्या चेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनमधून गळलं काही नाही, पण चव तिचीही गेली होती. वाइनरीला फोन केला. उत्तर आलं, माल उचलला की जबाबदारी मेंबरची. फॉर्म काढून पाहिला, तसंच छापलेलं होतं.

वाइनला १२ ते १५ अंश मानवतात. आमच्या मधल्या खोलीत कूलर लावूनही मे महिन्यात ते होत नाही. सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा, रेड प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. भाजीला जागा उरत नाही, त्यावरून बोलणी खावी लागतात.

दुसरी तक्रार निवडीची. बाटल्या वाइनरीच ठरवायची, सहात चार रेड. सावजी मटणाबरोबर तुरट शिराझ घेतली की तिखट दुप्पट लागतं; थोडी गोडसर चेनिन गार करून घ्या, जीभ निवते. तेव्हा बाटल्या स्वतः निवडू देणारा क्लब बघा, सूट दोन टक्के कमी असली तरी. तसंही एवढ्या लांबून आणायचं म्हणजे सूट पेट्रोलातच जाते. अन् खेप सोडायची असेल तर किती दिवस आधी सांगावं लागतं, हे पैसे भरायच्या आधी विचारा. मी नंतर विचारलं.

दारूच्या परवान्याचं हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात विकत घ्यायला, जवळ बाळगायला, प्यायला, सगळ्याला तो लागतो. मी आयुष्यभराचा काढलाय, पोरीचाही आहे, बिल बाटल्यांसोबतच असतं. साडू राहतो आर्वीला. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, सेवाग्रामचा, तिथं दारूबंदी. त्यामुळं बिचारा दरवेळी आमच्याकडेच जेवायला येतो. नागपूरवाल्यांनो, समृद्धी महामार्गही त्याच जिल्ह्यातून जातो, डिकी भरायच्या आधी विचार करा.

वर्ष संपल्यावर तिथलं नाव काढलं. आता दुसऱ्या वाइनरीचा क्लब घेतलाय : वर्षाला दोनच खोकी, दिवाळीला अन् जानेवारीत, बाटल्या आपल्या पसंतीच्या. पहिलं दिवाळीला पोरीबरोबर येतंय, चार चेनिन अन् दोन रेड. मे महिन्यातली एक शिराझ अजून फ्रिजमागे पडून आहे. ही म्हणते, मटण मुरवायला घालू.