आठ महिने प्रोबायोटिक पावडर: पोट निवळलं, सूज जागच्या जागी

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते, मग रक्त, कळा आणि दिवसातून दहा वेळा धावपळ. मेसालामिन हे आतड्याची सूज कमी करणारं औषध चार वर्षं चालू आहे. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांना विचारून जोडीला आठ स्ट्रेनची, म्हणजे पोटाला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या आठ वाणांची, प्रोबायोटिक पावडर सुरू केली. एका पुडीत 450 अब्ज जिवाणू. आकडा वाचून हुरळायला होतं, मीही हुरळले होते.

पहिले बारा दिवस नुसता गॅस. पोट इतकं तट्ट फुगायचं की सोडून द्यावंसं वाटलं. शेवटी चतुर्थांश पुडीवर आले आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत गेले. सुरुवातीलाच असं करायला हवं होतं.

दोन महिन्यांनी खरोखर फरक पडला. अचानक घाई होणं कमी झालं, फुगणं जवळजवळ गेलं, रात्री उठावं लागेना. मी रोजची नोंद वहीत ठेवते, त्यामुळे हे नुसतं 'वाटलं' असं नाही. पण फिकल कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी (आकडा जितका मोठा तितकी सूज जास्त), सुरुवातीला 310 होती आणि तीन महिन्यांनी 285. "एवढा फरक तर दोन दिवसांच्या दोन नमुन्यांतही येतो," डॉक्टर म्हणाल्या. माझा चेहरा पडला.

मग पाचव्या महिन्यात मुद्दाम सहा आठवडे पावडर बंद ठेवली. दहा दिवसांत गॅस आणि घाई परत. कॅल्प्रोटेक्टिन 290. म्हणजे आराम पावडरीचा होता, पण सुजेशी तिचं फारसं देणंघेणं नव्हतं. निदान माझ्या बाबतीत तरी.

असं का, म्हणून बरंच वाचलं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-रेग पेशी आतड्यात वाढाव्यात म्हणून ब्युटिरेट नावाचं आम्ल मदत करतं. ते तयार करतात तंतुमय पदार्थांवर जगणारे आतड्यातले जिवाणू, आणि पुड्यांमधले लॅक्टोबॅसिलस-बिफिडोबॅक्टेरियम त्यांच्यातले नाहीत. हे फार तर लॅक्टेट आणि अ‍ॅसिटेट बनवतात, ज्यावर ब्युटिरेटवाले पोसतात. 2013 साली जपानी संशोधकांनी माणसाच्या शौचातून क्लॉस्ट्रिडिया गटातले 17 स्ट्रेन वेगळे करून उंदरांमध्ये टी-रेग वाढवून दाखवले. ते 17 माझ्या पुडीत कुठून असणार! शिवाय 2018 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या अभ्यासात दिसलं, की प्रोबायोटिक जिवाणू काहींच्या आतड्यात टिकतात, तर काहींच्या आतड्यात पाय रोवूच शकत नाहीत. बंद केल्यावर दहा दिवसांत सगळं पूर्ववत झालं, त्यावरून माझ्याकडे बहुधा पाहुणेच आले होते.

सगळंच फोल आहे असंही नाही. 1917 साली जर्मन डॉक्टर निस्ले यांनी, साथीतही जुलाब न लागलेल्या एका सैनिकाकडून वेगळा केलेला ई. कोलायचा स्ट्रेन या आजाराची उतार पडलेली अवस्था टिकवण्यात मेसालामिनच्या तोडीचा ठरला होता. पण तो एक विशिष्ट स्ट्रेन. म्हणून माझी मोठी तक्रार डब्यावरच्या छपाईबद्दल: जिवाणूंची नुसती नावं, स्ट्रेनचा क्रमांक नाही. 450 अब्ज हा आकडा भरतानाचा की मुदत संपेपर्यंतचा, तेही लिहिलेलं नाही. ही पावडर थंडच ठेवायची असते, तरी एकदा पार्सल तापलेलं आलं. ते फेकलं.

स्टेरॉइड्स किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा मध्यवर्ती शिरेत नळी असेल, तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. अशा रुग्णांच्या रक्तात हेच जिवाणू किंवा प्रोबायोटिक यीस्ट उतरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी संघटनेची 2020 ची सूचनाही सांगते, की कोलायटिससाठी प्रोबायोटिक चाचणीच्या चौकटीतच द्यावं. हे मला पावडर घेतल्यानंतर कळलं, आणि डॉक्टरांनी आधी का नाही सांगितलं म्हणून मी थोडी रुसलेही.

आता रोज अर्धी पुडी घेते, केवळ गॅससाठी. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मेसालामिनची मात्रा वाढवली. परवाचं कॅल्प्रोटेक्टिन 95.