गॅमा-किरण स्फोटांच्या मागावर: उपग्रहाचा डेटा, दूरची रोबोटिक दुर्बीण की नागपूरची गच्ची?

दिवाळीच्या सुट्टीत तीन मुलं घरी आली. तिघंही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्सवाली. शिकवण्या करून आणि घरून मागून पैसे जमवले होते, प्रश्न एकच होता. "काका, आठ इंची दुर्बीण घेतो, मोटार आणि कॅमेऱ्यासकट. गॅमा-किरण स्फोट पकडता येतील नं?" त्या दिवशी मी हो-नाही काहीच बोललो नाही. पुढचे दोन रविवार आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे निघालं ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न नागपुरात, अमरावतीत, चंद्रपुरात आणखीही कुणाला पडलेला असणार.

वाटा तीन आहेत. उपग्रहांचा खुला डेटा घेऊन लॅपटॉपवर काम करणं. दूर कुठेतरी चांगल्या आकाशाखाली असलेल्या रोबोटिक दुर्बिणीवर वेळ मिळवणं. किंवा स्वतःची दुर्बीण गच्चीवर, नाहीतर पेंचच्या बाजूला कुणाच्या शेतात उभी करणं. माझं मत आधीच सांगतो: नागपुरात राहणाऱ्याने डेटापासून सुरुवात करावी. दुर्बीण घ्यायला माझी ना नाही, पण ती या एका कामासाठी घेऊ नये.

गॅमा-किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळचा लोट. हे स्फोट पहिल्यांदा टिपले ते अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी, २ जुलै १९६७ रोजी. हे उपग्रह अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडलेले होते आणि शोध जाहीर व्हायला १९७३ उजाडलं. गॅमा किरण आपलं वातावरण भेदून खाली येत नाहीत, त्यामुळे स्फोट झाल्याची पहिली खबर उपग्रहाकडूनच मिळते. साधारण दोन सेकंदांहून लांबलेले बहुतेक स्फोट अवाढव्य ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात. त्याहून छोटे बहुधा दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे) एकमेकांत विलीन होताना. गॅमा किरणांचा लोट ओसरला की मागे क्ष-किरणांत, दृश्य प्रकाशात आणि रेडिओत विझत जाणारा उजेड राहतो, तो आफ्टरग्लो. जमिनीवरची दुर्बीण जे पकडते ते हेच.

स्फोट कळणं आणि स्फोट सापडणं

निवड करताना ही दोन कामं वेगळी धरा. स्फोट झाला हे कळणं आता सोपं झालं आहे. तो नेमका कुठे झाला हे सांगणं अजूनही अवघड आहे, आणि त्यावरच तुमच्या दुर्बिणीचं सगळं काम अवलंबून असतं.

मे महिन्यात नागपूरच्या घरात डोळे मिटूनही पश्चिमेची भिंत ओळखता येते, हात लावला की कळतं. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावरचं जीबीएम हे उपकरण असंच काम करतं. त्याचे १२ सोडियम आयोडाइडचे आणि दोन बिस्मथ जर्मेनेटचे डिटेक्टर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले आहेत. कुणावर किती मारा झाला याची तुलना करून स्फोटाची दिशा काढतात. पृथ्वीने झाकलेला भाग सोडला तर सगळं आकाश त्याच्या नजरेत असतं, म्हणून वर्षाला सुमारे २४० स्फोट त्याच्या हाती लागतात. पण दिशा अशी भिंत चाचपून काढलेली असल्यामुळे चूक काही अंशांची राहते. चार अंश त्रिज्येचं वर्तुळ धरा. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ५० चौरस अंश, म्हणजे पौर्णिमेचे जवळपास अडीचशे चंद्र. आठ इंची दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम एक चंद्र मावतो. अडीचशे फोटो काढून होईपर्यंत आफ्टरग्लो कुठल्या कुठे गेलेला असतो.

स्विफ्ट या उपग्रहाची तऱ्हा वेगळी. महालातल्या जुन्या वाड्याच्या खिडकीची लाकडी जाळी आठवा. ऊन सरकतं तशी भिंतीवरची तिची सावली सरकते, आणि सावली पाहून सूर्य कुठे आहे हे सांगता येतं. नोव्हेंबर २००४ मध्ये गेलेल्या स्विफ्टच्या बॅट उपकरणात ५० हजारांहून जास्त शिशाच्या चकत्या मुद्दाम विस्कळीत मांडून जाळी केली आहे. खाली ३२,७६८ छोटे डिटेक्टर तिची सावली टिपतात. त्यावरून जागा तीन-चार कलांपर्यंत ठरते. एक अंश म्हणजे ६० कला, तेव्हा ही जागा चंद्रबिंबाच्या आत सहज बसते आणि तुमच्या एका फोटोतही. ही माहिती पंधरा-वीस सेकंदांत जमिनीवर येते. मग उपग्रह आपणहून त्या दिशेला वळतो आणि क्ष-किरण दुर्बिणीने जागा काही विकलांवर (एक कला म्हणजे ६० विकला) आणून ठेवतो. स्विफ्टला एका वेळी आकाशाचा थोडाच भाग दिसतो, म्हणून त्याच्या खात्यावर वर्षाला सुमारे ९० स्फोट. पण दुर्बीणवाल्यासाठी हे ९० फर्मीच्या २४० पेक्षा मोलाचे.

स्विफ्टबद्दल एक काळजीही आहे. इतक्या वर्षांत त्याची कक्षा खालावत गेली आहे आणि ती उचलण्यासाठी नासाने २०२५ मध्ये एका कंपनीला काम दिलं. तेव्हा फक्त स्विफ्टच्या भरवशावर चार वर्षांचं नियोजन करू नका. २०२४ मध्ये चीनचा आइन्स्टाइन प्रोब आणि चीन-फ्रान्सचा एसव्हॉम हे उपग्रह गेले, त्यांच्या सूचनांवरही नजर ठेवा.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. भारताचा हा खगोल-उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, आणि त्याच्या सीझेडटीआय उपकरणाने सुरू झाल्या दिवशीच, ६ ऑक्टोबरला, पहिला स्फोट टिपला. २०२२ मध्ये त्याचा ५०० वा स्फोट नोंदला गेला. जागा सांगणं हे त्याचं बलस्थान नाही. त्याची खरी ताकद ध्रुवीकरण, म्हणजे किरणांच्या लहरी कोणत्या दिशेत डोलतात ते, मोजण्यात आहे. एखादा गॅमा फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, एका पिक्सेलमध्ये आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडतो, आणि तो कोणत्या बाजूला उडाला याची हजारो फोटॉनांची मोजदाद केली की मूळ किरणांच्या ध्रुवीकरणाचा अंदाज येतो. स्फोटातल्या झोताचं चुंबकीय क्षेत्र कसं आहे हे समजायला याहून थेट वाटा फार कमी आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत या उपकरणाचं काम चालतं. नागपूरच्या मुलाला रात्रीच्या गाडीत बसून सकाळी जिथे पोचता येतं, तिथे जगातलं हे दुर्मीळ काम होतं. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा तिघांनाही ते माहीत नव्हतं.

मिनिटांचा हिशोब

आता रोबोटिक दुर्बीण का, ते पाहू. आफ्टरग्लो ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो. वेळ दहापट झाली की उजेड दहावा हिस्सा, म्हणजे अडीच प्रतींची घट. (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद.) पहिल्या मिनिटाला १४ व्या प्रतीचा असलेला ठिपका दहाव्या मिनिटाला साडेसोळाचा होतो आणि शंभराव्या मिनिटाला १९ चा. माणूस फोनवर सूचना वाचतो, चप्पल घालतो, गच्चीचं कुलूप उघडतो, दुर्बिणीचं झाकण काढतो, तेवढ्यात अडीच प्रती गेलेल्या असतात.

२३ जानेवारी १९९९ ला न्यू मेक्सिकोतल्या रॉट्सी या यंत्रणेने स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत फोटो घ्यायला सुरुवात केली आणि उजेड नवव्या प्रतीपर्यंत चढलेला पकडला. ती दुर्बीणसुद्धा नव्हती, कॅमेऱ्याच्या चार लेन्स एका मोटारीवर बसवलेल्या होत्या. फोटो घेताना मध्ये माणूस नव्हता, हीच तिची कमाई.

भारतात हे काम लडाखमधल्या हान्लेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण करते. आरसा ०.७ मीटरचा, जागा साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून उभी केलेली. नकाशावर भारताची जागाही मोक्याची आहे. ऑस्ट्रेलियातली रात्र संपत येते आणि आफ्रिका-युरोपात नीट अंधार झालेला नसतो, त्या मधल्या तासांत आफ्टरग्लो सांभाळायला आपल्याच रेखांशावरच्या दुर्बिणी लागतात. पण तिथे वेळ मिळवायचा तर एखाद्या संशोधकाच्या सोबतीने, प्रस्ताव लिहून. एकट्या विद्यार्थ्याला ते जड जातं. लास कुम्ब्रेस या जागतिक जाळ्यात ०.४ मीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या दुर्बिणी आहेत, आणि शिक्षणासाठी काही वेळ भागीदार संस्थांमार्फत दिला जातो. कॉलेजने किंवा मंडळाने मनावर घेतलं तर ही वाट खुली आहे. या वाटेवर दुर्बीण तुमच्या हाताखाली नसते, तिची सवय आणि सहवास मिळत नाही. ज्याला रात्रीच्या थंडीत आयपीसला डोळा लावायचा आहे, त्याला ही वाट कोरडी वाटेल. ज्याला मोजमाप हवं आहे, त्याला नाही.

गच्चीवरची दुर्बीण

मुलांसोबत केलेला हिशोब असा. स्विफ्टचे ९० स्फोट. आकाशाच्या गोलाचा पाव भागच कोणत्याही क्षणी क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असतो, म्हणजे राहिले बावीस-तेवीस. त्यातला नीट अंधाराचा वेळ दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सात-आठ. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आपल्याकडे ढग, फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट, एप्रिल-मे मध्ये धुळकट आकाश. निम्मे गेले म्हणा. वर्षाला चार. त्यातला आठ इंची दुर्बिणीला झेपेल इतका तेजस्वी एखादा, किंवा एकही नाही. हे ऐकून मुलं गप्प झाली.

उन्हाळ्याचा आणखी एक त्रास कुणी आधी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये उष्णतेमुळे उठणारा खोटा सिग्नल तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात रात्री अकरालाही गच्ची तापलेली असते, आणि कूलर लावलेला सेन्सर शून्याच्या आसपासच थांबतो.

तरीही ही वाट मी मोडीत काढणार नाही. ९ ऑक्टोबर २०२२ ची कोजागिरी आठवा. नागपूरभर गच्च्यांवर दूध आटत होतं. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मीवर आजवरचा सर्वांत तेजस्वी गॅमा-किरण स्फोट आदळला, दहा हजार वर्षांतून एखादा व्हावा असा. सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून तो प्रकाश आला होता. जागा शर या तारकासमूहात, क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तर १९ अंश ४६ कला. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर. वेळ जुळवून पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला: त्या क्षणी तो बिंदू आपल्या जवळजवळ डोक्यावर होता, खस्वस्तिकापासून सात-आठ अंशांवर. मी तेव्हा गच्चीवर चारोळ्या निवडत होतो.

त्या क्षणी मला काही करता आलं असतं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. स्फोट झाला तेव्हा स्विफ्टच्या आड पृथ्वी होती. त्याने ७ वाजून ४० मिनिटांनी जागा सांगितली, आणि सुरुवातीला सगळ्यांना तो आपल्याच आकाशगंगेतला एखादा स्रोत वाटला. मधे आकाशगंगेची धूळ, त्यामुळे दृश्य उजेड १६-१७ व्या प्रतीचा. वर पौर्णिमेचा चंद्र. शहरातून आठ इंचीला ते अशक्यच म्हणायचं. हान्लेच्या दुर्बिणीने तो आफ्टरग्लो पाहिला आणि अ‍ॅस्ट्रोसॅटने गॅमा किरण मोजले. याउलट १९ मार्च २००८ चा स्फोट काही सेकंद नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळला होता, पण नागपुरात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते.

म्हणून दुर्बीण घ्यायची असेल तर रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारे) तारे, लघुग्रह, तेजस्वी सुपरनोव्हा हे तिचं रोजचं काम समजा. वर्षातून एखाद्या रात्री स्फोटाची सूचना आली तर ती वळवा. ती शहरात लावू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. रामटेकच्या पुढे गेलं की आकाश काळं होत जातं हे गाडीतूनही कळतं. छप्पर आपोआप मिटण्याची आणि पावसाच्या सेन्सरची सोय दुर्बिणीइतकीच महत्त्वाची धरा.

आम्ही काय ठरवलं

मुलांनी पैसे बँकेत ठेवले. जीसीएन ही स्फोटांच्या सूचनांची जागतिक व्यवस्था फुकट आहे, तिच्या सूचना तिघांनी फोनवर सुरू केल्या. रोज कुठला ना कुठला उपग्रह काहीतरी कळवतो, आणि वाचता वाचता कोणत्या सूचनेवर धावायचं आणि कोणती सोडायची हे समजायला लागतं. डेटासाठी आम्ही फर्मीचा १६ सप्टेंबर २००८ चा स्फोट घेतला. कोजागिरीचा मुद्दाम टाळला, कारण तो इतका प्रखर होता की डिटेक्टरच तुंबले होते आणि ती दुरुस्ती नवशिक्याचं काम नाही.

तिघांतली कामठीहून येणारी मुलगी पायथॉनमध्ये हुशार. तिने आधी फोटॉन एकेका सेकंदाच्या डब्यांत मोजले, तर पडद्यावर खडबडीत उंचवटे आले. मग डबा ६४ मिलिसेकंदांचा केला. त्या उंचवट्यांतून बारीक बारीक सुळके वर आले. तिने खुर्ची मागे सरकवली, दोघांना बोलावलं, आणि यातला कोणता सुळका खरा आणि कोणता नुसता खडखडाट, यावर तिघं जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद घालत बसले. पार्श्वभूमी, म्हणजे स्फोट नसतानाही येत राहणारे फोटॉन, किती धरायची हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी ते तिघं पेंचकडे एक शेत बघायला जाणार आहेत, तेव्हा लॅपटॉप सोबत नेणार आहेत.