फाइव्हथर्टीएटचा डेलिगेट ट्रॅकर (२०१६) : गणिताला फुल मार्क

२०१६ ची अमेरिकेतली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची शर्यत ज्यांनी मन लावून फॉलो केली त्यांना फाइव्हथर्टीएट या निवडणुकीचे आकडे मांडणाऱ्या साइटचं हे पान आठवत असेल. बाकी सगळीकडे कोणाकडे किती डेलिगेट (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला मत देणारे प्रतिनिधी) एवढंच, पण इथे प्रत्येक राज्यात प्रत्येक उमेदवाराचं वेगळं टार्गेट, म्हणजे उमेदवारीसाठी लागणारे १,२३७ डेलिगेट गाठायचे तर इथून एवढे यायलाच हवेत, आणि तो टार्गेटच्या पुढे आहे का मागे ते टक्क्यांत. साउथ कॅरोलिनात ट्रम्पना एक तृतीयांशाहून कमी मतं पडली तरी ५० च्या ५० डेलिगेट मिळाले, असले नियम समजून घ्यायला हे पान खरंच फार कामाला यायचं.

पण क्लीव्हलँडला कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात, घासाघीस होणार का, हे एका टक्केवारीत मावणारं नव्हतंच. पेनसिल्व्हेनियाच्या ७१ पैकी ५४ डेलिगेट कोणालाच बांधील नव्हते, तिथल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत निकाल नाही लागला तर पुढे बाकीचेही बरेच मोकळे होणार, आणि ट्रम्पचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांची माणसं त्यासाठीच राज्याराज्यात आपले डेलिगेट बसवत फिरत होती, कोलोरॅडोत तर ३४ च्या ३४ नेले. १९७६ मध्ये याच पक्षातली फोर्ड-रेगन लढत शेवटी कन्व्हेन्शनलाच सुटली होती, त्यामुळे धाकधूक खरी होती.

३ मेला इंडियाना हरल्यावर क्रूझ बाहेर पडले आणि विषय मिटला. साइट २०२५ मध्ये बंद केली याचं फार वाईट वाटतं. निवडणुकीच्या आकडेमोडीची आवड असेल तर जुनी प्रत कुठे सापडली तर बघाच. माझ्याकडून साडेचार स्टार.