कोंबुचाची नळवाली बरणी: कोल्हापुरात आठ महिने वापरल्यानंतर

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं फसफसतं, आंबट पेय. ते घरी करायचा हा संच. जानेवारी ते ऑगस्ट, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पावसाळा या तिन्ही ऋतूंत हा संच सलग चालवला. पाच लिटरची नळवाली काचेची बरणी, पाकिटात चकती (यीस्ट आणि जिवाणूंची सायीसारखी गादी) आणि तिच्याबरोबर कपभर आंबट पाणी (आधीच्या खेपेचं तयार पेय, हेच विरजण), सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) तपासायच्या पट्ट्या, बरणीला चिकटवायची तापमानपट्टी आणि एक माहितीपत्रक, एवढं खोक्यात येतं. निकाल आधीच सांगून टाकू: बरणी उत्तम, विरजण जोमदार, नळ टाकाऊ, आणि माहितीपत्रकातले दिवस कोल्हापूरला लागू पडत नाहीत. चव बिघडली की बहुतेक जण चकतीला बोल लावून नवी मागवतात. चकती क्वचितच दोषी असते. दोष असतो तो उष्णतेचा, तळातल्या गाळाचा किंवा नळाचा.

प्रमाण एकदा पक्कं करून घ्या. एक लिटरला ६ ग्रॅम काळा चहा, ७० ग्रॅम साखर आणि मागच्या खेपेतलं १०० ते १५० मिली आंबट पाणी. आपल्याकडे सीटीसी (दाणेदार) चहा खळखळून उकळायची सवय असते, पण तसा केला तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. पाणी उकळून गॅस बंद करायचा, चहा टाकून पाच मिनिटं झाकायचा आणि गाळायचा. नळाचं पाणी आधी झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळू द्या, म्हणजे क्लोरीन निघून जातं. बोअरचं जड पाणी नकोच, त्यातले क्षार आंबटपणा मारतात. वेलची, तुळस, गवती चहा यांतली तेलं विरजणाला त्रास देतात, त्यामुळे ते सगळं बाटलीत भरताना.

आता मुख्य तक्रार, व्हिनेगरसारखा घसा धरणारा आंबटपणा. माहितीपत्रक सांगतं सात ते दहा दिवस. खोलीत २४-२५ अंश असतील तर ते बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये पट्टी ३२ दाखवते, तेव्हा पाचव्या दिवशीच पेय तयार असतं आणि आठव्या दिवशी तोंडात धरवत नाही. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, वर हवेला लागलेले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आणि उष्णतेत दोघंही धावत सुटतात. उकाडा फार वाढला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. अशी खेप पुढे ठेवून सुधारत नाही. थोडं विरजण राखून बाकी ओतून द्या. उपाय माठाचाच: परातीत चार बोटं पाणी, त्यात बरणी, भोवती ओलं सुती कापड. कोरड्या हवेत दोन-चार अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, पण तेव्हा लागतही नाही. फ्रिजच्या वरची किंवा गॅसच्या ओट्यालगतची जागा मात्र बाराही महिने वर्ज्य. थंडीत उलट होतं: बारा-चौदा दिवस लागतात, आणि घाई केली तर पेय गोडमिट्ट, पाणचट राहतं.

दिवस मोजण्यापेक्षा चौथ्या दिवसापासून रोज नळातून चमचाभर चाखणं खात्रीचं. सामू ३ च्या आसपास आला आणि गोडी नुसती मागे रेंगाळत असली की काढायचं. संचातल्या पट्ट्या १ ते १४ पर्यंतच्या आहेत. त्यांवर ३ आणि ४ चे रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. २.८ ते ४.४ टप्प्याच्या वेगळ्या घ्या. विरजण घातल्याबरोबर सामू ४.५ च्या खाली गेलाच पाहिजे. नाही गेला तर विरजण वाढवा, नाहीतर बुरशीला आवतण.

नळाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्म्या बिघाडांचं मूळ तिथे आहे. वरून चकचकीत दिसतो, पण आतून पितळ. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे, तेच इथे होतं. पहिल्या घोटात जिभेच्या कडांना धातूची चव लागते, आणि रात्रभर नळात थांबलेल्या घोटात ती सर्वात जास्त असते. स्टेनलेस स्टीलचा, ३०४ प्रतीचा नळ बसवल्यावर ती चव पूर्ण गेली. वॉशर सिलिकॉनचा घ्या. जुना नळ खोलून पाहिला तर वॉशरच्या मागे तपकिरी, बुळबुळीत थर सापडतो, त्याला शिळ्या पावाचा वास. हे साचलेलं यीस्ट.

यावरून दुसरी गोष्ट. नळ तळाशी असल्यामुळे पेय नेहमी गाळाजवळून येतं. दर वेळी एक तृतीयांश काढून तेवढाच गोड, गार झालेला चहा घालायचा, ही पद्धत सोयीची खरी, पण सहा-सात आठवड्यांत तळाला बोटभर गाळ बसतो. मग पेय पिठूळ, पावासारखं लागतं, कधी सडक्या अंड्याचा वास येतो. तेव्हा चकती आणि वरच्या थरातलं अर्धा लिटर पाणी बाजूला काढा, बाकी उपसा, बरणी गरम पाण्याने धुवा आणि वरच्या पाण्यावरच नवी खेप लावा. विरजण कायम वरचं घ्यायचं. वर आम्ल करणारे जिवाणू जास्त, खाली यीस्ट जास्त.

कोल्हापुरात राहून गूळ वापरायचा मोह कुणाला होणार नाही? चव खरोखर सुंदर येते, काकवीच्या अंगाने जाणारी. पण आधी गूळ पारखा. लखलखीत पिवळ्या रंगासाठी काही गुऱ्हाळांत हायड्रॉस (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) घालतात, त्याचा अंश राहिला तर काडेपेटीसारखा गंधकाचा वास पेयात उतरतो. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि आंबटपणात ती खारट चव लपत नाही. मार्केट यार्डात गुळाचा रवा (ढेप) घेताना कोपरा फोडून चाखा, गडद, रसायनविरहित निवडा. लिटरला ८० ग्रॅम, पाण्यात उकळून, फेस काढून, फडक्याने गाळून. गुळातल्या खनिजांवर यीस्ट जोरात वाढतं, गाळ दुप्पट होतो. म्हणून मूळ विरजण साखरेवरच जपा आणि गुळाची खेप वेगळ्या भांड्यात लावा.

पावसाळ्यात डोळा ठेवायचा तो बुरशीवर. पांढरी, ओली, सायीसारखी चकती वाढणं आणि खाली तपकिरी धागे लोंबणं नेहमीचं. कोरडी, केसाळ, हिरवी किंवा काळी ठिपकी दिसली तर चकतीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून चालत नाही. दादरा घट्ट विणीच्या सुती कापडाचा बांधा, कारण जाळीदार मलमलमधून चिलटं आत अंडी घालतात.

बाटलीत भरताना अर्ध्या लिटरला तीन-चार ग्रॅम साखर आणि आल्याच्या चार चकत्या पुरतात, वर दोन बोटं जागा सोडा. मेमध्ये एका दिवसात, थंडीत चार दिवसांत फेस येतो. एक बाटली सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकची ठेवा: दाबून कडक लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. चौकोनी काचेच्या बाटल्या दाब सोसत नाहीत, फुटतात. बंद बाटलीत अल्कोहोलही थोडा वाढतो, अर्ध्या टक्क्याच्या पुढेही जाऊ शकतो. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नका.

संच घ्यायचाच असेल तर नळाचा नि पट्ट्यांचा खर्च किमतीत धरून घ्या, आणि नळ पहिल्या खेपेआधीच बदला.