गोल्डची पाटी की स्वगृहचे तारे? आमचा निकाल कूलरनं लावला

गेल्या मे महिन्यात आमच्यापुढं दोन रो-हाऊस उरली होती. एक सेवाग्रामच्या रस्त्यावरचं, फाटकावरच 'आयजीबीसी गोल्ड' अशी मोठी पाटी. दुसरं पवनारकडचं, दहा-बारा घरांचा छोटा प्रकल्प, 'स्वगृह'चे तारे मिळालेला. भावात फारसा फरक नव्हता. टाइल्स, मॉड्युलर किचन वगैरे ब्रोशरमध्ये असतंच, ते सोडून देतो.

दोन्ही शिक्के 'ग्रीन' घरांचे, म्हणजे वीज-पाणी वाचवणाऱ्या बांधकामाचे. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योगांच्या संघटनेची संस्था, 2001 पासूनची. तिच्याकडं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी चढण. 'गृह' ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांची पद्धत, एक ते पाच तारे. अडीच हजार चौरस मीटरच्या आतल्या बांधकामासाठी तिचंच धाकटं भावंड म्हणजे स्वगृह. दोन्हीकडं हिशेब गुणांचा. काही अटी सक्तीच्या, बाकी सगळी बेरीज. त्यामुळं गणितात कच्चा पोरगा जसा चित्रकलेच्या जोरावर टक्केवारी सांभाळतो, तसं घराचंही होऊ शकतं. तिसरी पद्धत 'एज', जागतिक बँक गटातल्या आयएफसीची. तिच्यात वीज, पाणी आणि बांधकाम-साहित्य या तिन्हींत वेगवेगळी 20 टक्के बचत दाखवावी लागते. कागदावर मला हीच जास्त पटली होती, पण आमच्या भागात तसं घर काही पाहायला मिळालं नाही.

बिल्डरला पाटीची हौस का, तेही ध्यानात असू द्या. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत ग्रीन दर्जानुसार 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा मिळते. त्यात वावगं काही नाही. फक्त पाटीवरचं 'गोल्ड' अंतिम आहे की नकाशावरून मिळालेलं पूर्व-प्रमाणपत्र आहे, एवढं विचारा. सेवाग्राम रोडवरचं पूर्व-प्रमाणपत्रच होतं, पण ती अक्षरं पाटीवर फार बारीक होती.

तरी एवढ्यावरून मी नकार दिला नसता. नकार दिला तो कूलरपायी.

नमुन्याचं घर पाहायला आम्ही मुद्दाम दुपारी चारला गेलो. हॉल पश्चिमेला, जमिनीपासून छतापर्यंत काच. उजेडाचे गुण मिळाले म्हणे, आणि उजेड होताही सुरेख. बायकोनं काचेला हात लावला आणि चटका बसल्यागत काढून घेतला. मग विचारलं, "कूलर कुठं ठेवाचा जी?"

दाखवणारा पोरगा हसला. "काकू, एसी लावा न. पॉइंट देला आहे."

कूलर म्हणजे काय? बाहेरची कोरडी हवा ओल्या खशीतून ओढायची आणि घरात ढकलायची. समोरून ती बाहेर पडली नाही, तर तासाभरात घर दमट होऊन अंग चिकचिकतं. इथं खालची काच कायमची बंद, वरची सरकती, तीही अर्धीच उघडणारी, आणि समोरच्या भिंतीला खिडकीच नाही. 45 डिग्रीत दिवसभर एसी चालवायचा, तर ग्रीनची बचत महावितरणच्या बिलात जाणार. दोष आयजीबीसीचा नाही, पश्चिमेला काच लावा असं ती सांगत नाही. पण गृहची मांडणी बिगर-एसी इमारतीही धरून झालेली आहे, आणि आमच्यासारख्या कूलरवाल्यांना ती थोडी जवळची वाटते. निदान मला वाटली.

पवनारच्या घरात पश्चिमेला जिना आणि न्हाणीघर. भिंती राखेच्या विटांच्या, गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, खिडक्या लहान पण पुऱ्या उघडणाऱ्या, वर दोन फुटी छज्जा. मागच्या खिडकीखाली कूलरचं लोखंडी स्टँड आधीच ठोकलेलं. त्याच भिंतीला चारच्या उन्हात आतून हात लावला, तर ती कोमट होती. गावच्या आमच्या मातीच्या, कवेलूच्या घरासारखी गार नाही, पण हात ठेवता येत होता.

माझं मोजमाप एवढंच. तुम्हाला आकडा हवा असेल तर आरईटीव्ही विचारा, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता. 2018 च्या इको निवास संहितेत तिची मर्यादा प्रति चौरस मीटर 15 वॅट आहे. पवनारवाल्यानं कागद काढून दाखवला. दुसरीकडचा "मेल करतो" म्हणाला होता. त्याला आता वर्ष झालं.

पवनारच्या घरातही खोट आहे. हॉल अंधारा, भरदुपारी पेपर वाचायला दिवा लागतो. बाजारही लांब. ज्यांच्या घरी एसी आधीच रुळलाय आणि ज्यांना मोकळं, उजेडाचं घर हवं, त्यांनी गोल्डवालं पाहायला हरकत नाही, पश्चिमेची बाजू टाळून.

आम्ही यंदा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापल्या दिवसांत, रात्री दहाला कूलर बंद करून झोपलो. त्याची टाकी मात्र दिवसातून दोनदा भरावी लागते. स्वगृहच्या ताऱ्यांसाठी सल्लागारानं आमच्या घराचा भरलेला पाण्याचा तक्ता परवा काढून पाहिला. त्यात नळ आहेत, शॉवर आहे, फ्लश आहे. कूलर नाही.