जीआयए रिपोर्टमधला ‘एक्सलंट कट’: कितपत भरवसा ठेवावा?

गोल हिरा घेताना जीआयएचा, म्हणजे जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट हातात आला की नजर आधी रंगावर जाते, मग क्लॅरिटीवर (हिऱ्यातल्या दोषांवर), आणि ‘कट : एक्सलंट’ एवढं वाचून कागदाची घडी होते. कट म्हणजे पैलूंची घडण. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. डी रंगाचा (पूर्ण रंगहीन), आतून निर्दोष हिरासुद्धा पैलू चुकले तर मंद दिसतो, आणि जी रंगाचा (जवळपास रंगहीन), व्हीएस२ म्हणजे बारीक दोष असलेला हिरा पैलू जमले तर लख्ख दिसतो. म्हणून या रिपोर्टचं परीक्षण आम्ही कटपुरतंच करतोय.

सगळा खेळ कोनांचा आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंश येतो, म्हणजे याहून तिरका आतून आदळलेला प्रकाश बाहेर न जाता परत फिरतो. वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर योग्य कोनात आदळला तर आतल्या आतच दोनदा परावर्तित होऊन पुन्हा वर डोळ्यांकडे येतो. खालचा भाग, म्हणजे पॅव्हिलियन, फार उथळ असेल तर टेबलमधून (वरच्या सपाट पैलूतून) पाहताना गर्डलचं, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेचं, प्रतिबिंब फिकट, करड्या कड्यासारखं दिसतं. त्याला फिश-आय म्हणतात. फार खोल असेल तर मधोमध काळा ठिपका उमटतो, तो नेलहेड. मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ साली मांडलेलं गणित आजही पायाभूत मानलं जातं: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउन (गर्डलच्या वरचा उतार) ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५ अंश.

जीआयएने गोल ब्रिलियंटसाठी, म्हणजे गोल हिऱ्याच्या नेहमीच्या घडणीसाठी, कटची श्रेणी २००६ पासून द्यायला सुरुवात केली. एक्सलंट ते पुअर अशा पाच पायऱ्या आहेत. त्या ठरवताना चकाकी, रंगीत ठिणग्या, हिरा हलवल्यावरची लुकलुक, आकाराच्या मानाने वजन, टिकाऊपणा, पॉलिश आणि सिमेट्री हे सात मुद्दे पाहिले जातात. काम नेकीचं आहे, यात शंका नाही. गुड किंवा त्याखालची श्रेणी लागली तर तो हिरा तेजासाठी घेऊ नये, एवढी चाळणी हा रिपोर्ट नीट लावतो.

अडचण वरच्या टोकाला आहे. एक्सलंटचा पट्टा फार रुंद आहे. टेबल ५२ ते ६२ टक्के, क्राउन ३१.५ ते ३६.५ अंश आणि पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.८ अंश, एवढ्या मर्यादेतल्या अनेक जोड्या त्यात बसतात. पण हे दोन कोन सुटे वाचायचेच नसतात. क्राउन साधारण एक अंशाने वाढला तर पॅव्हिलियन सुमारे ०.२ अंशाने उतरायला हवा, तरच दोघांचं जमतं. दोन्ही एकदम चढे असले की टेबलच्या कडेखाली प्रकाश गळतो आणि तिथे एक निस्तेज वर्तुळ दिसतं. तेजासाठी आम्ही पाहतो ती मर्यादा बरीच अरुंद आहे: टेबल ५४ ते ५८, एकूण खोली ६० ते ६२.४ टक्के, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हिलियन ४०.६ ते ४०.९. ६० च्या वरचं टेबल आणि बुटका क्राउन असला तर पांढरा उजेड भरपूर मिळतो, पण रंगीत ठिणग्या कमी होतात. काहींना तसाच हिरा आवडतो, आणि त्यात चूक काही नाही.

दुसरी मर्यादा आकड्यांची. रिपोर्टवरचा क्राउनचा कोन आठ मुख्य पैलूंची सरासरी काढून जवळच्या अर्ध्या अंशाला, तर पॅव्हिलियनचा ०.२ अंशाला पूर्ण केलेला असतो. म्हणजे कागदावर ४१.० लिहिलंय तो हिरा प्रत्यक्षात ४०.९ ते ४१.१ यांत कुठेही असेल, आणि त्याचे आठ पैलू एकमेकांपासून किती हटलेत ते कळतच नाही. ते कळायला हिऱ्याचे कोन मोजणाऱ्या सरीनसारख्या मशीनचा स्कॅन मागवा. त्यात प्रत्येक कोनाची किमान आणि कमाल मापं येतात. जोडीला आयडियल-स्कोपमधला, म्हणजे प्रकाश कुठे परततो ते दाखवणाऱ्या भिंगातला, फोटो मागा. त्यात लाल म्हणजे परतलेला प्रकाश, पांढरट म्हणजे गळती. काळे आठ बाण नीट उमटले तर उत्तम. टेबलच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर रिपोर्टवर काहीही असो, तो हिरा बाजूला ठेवावा.

किमतीच्या दृष्टीने मात्र रिपोर्टवरची मिलिमीटरची ओळ सोन्यासारखी आहे, आणि तीच सगळ्यात कमी वाचली जाते. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.४ ते ६.५ मिमी व्यासाचा असतो. ०.५०, १.०० अशा टप्प्यांवर प्रति कॅरेट दर उडी मारतो, म्हणून कारागीर तो टप्पा गाठायला पोटात वजन ठेवतात किंवा गर्डल जाड सोडतात. मग १.०० कॅरेटचा हिरा ६.२ मिमी भरतो. वरून दिसणारं क्षेत्रफळ ६.५ मिमीच्या हिऱ्यापेक्षा ९ टक्क्यांनी कमी, म्हणजे दिसायला तो नीट कापलेल्या ०.९० कॅरेटएवढाच, पण दर मात्र एका कॅरेटचा. उलट ०.९५ ते ०.९८ कॅरेटचा चांगला कापलेला हिरा मिळाला तर तो आनंदाने घ्यावा. तसे हिरे कमी सापडतात, कारण टप्प्याच्या इतक्या जवळ आल्यावर वजन सोडायला फारसं कुणी तयार होत नाही.

शेरे वाचायला विसरू नका. एसआय (लूपखाली दोष सहज दिसणाऱ्या) हिऱ्यावर ‘क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स नॉट शोन’, म्हणजे श्रेणी नकाशात न दाखवलेल्या धूसर ढगांवरून ठरली, असं लिहिलं असेल तर हिरा दुधाळ असू शकतो, आणि कटची श्रेणी हे दुधाळपण मोजत नाही. निळं फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशात हिऱ्याचं निळं चमकणं, बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. स्ट्राँगच्या पुढे असेल तर हिरा उन्हात नेऊन पाहा. छोट्या स्वरूपाच्या डोसियर रिपोर्टमध्ये दोषांचा नकाशा नसतो, पण गर्डलवर लेझरने नंबर कोरलेला असतो. १० पट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली (जवाहिऱ्याच्या भिंगाखाली) तो रिपोर्टशी ताडून पाहायला एक मिनिट लागतं.

गोल हिऱ्यासाठी पहिली गाळणी म्हणून हा रिपोर्ट आम्ही निःशंकपणे सुचवतो. अखेरचा निकाल म्हणून नाही. ओव्हल, पेअर, कुशन या आकारांत तर त्यावर पॉलिश आणि सिमेट्री एवढंच मिळतं, कटची श्रेणी येत नाही. तिथे ‘डबल एक्सलंट’ असूनही मधोमध बो-टायच्या आकाराचा काळा पट्टा दिसू शकतो. म्हणून असे आकार हलत्या व्हिडिओत, आणि शक्य असेल तर हातात घेऊन, साध्या पांढऱ्या उजेडात तिरके करत पाहिल्याशिवाय ठरवू नयेत.