फायबर जोडणीबरोबर मिळालेला राउटर माइव्हनच्या घरात कितपत चालतो

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, मानपाडा भागातील एका उंच इमारतीत, माइव्हन पद्धतीच्या (म्हणजे भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या) घरात आम्ही राहतो आणि एका इंटरनेट कंपनीची 100 एमबीपीएसची फायबर जोडणी वापरतो. जोडणीबरोबर कंपनीने एक पांढरी पेटी बसवून दिली. फायबर उतरवून घेणे (तारेतून आलेला प्रकाशाचा संकेत विजेच्या संकेतात बदलणे), राउटर आणि वाय-फाय ही तिन्ही कामे ती एकटीच करते. हे परीक्षण त्या पेटीचे आणि तिच्यामागच्या सेवेचे आहे. माझे मत आधीच सांगतो. फायबर उतरवून घेण्याचे काम ही पेटी चोख करते, पण घरभर वाय-फाय पोहोचवण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकू नये.

आमची तक्रार दोन प्रकारची होती. रोज संध्याकाळी मोबाइलवर वाय-फायची रेंज पूर्ण दिसायची, पण पान उघडायचे नाही. पत्नीची ऑफिसची मीटिंग मध्येच अडकायची आणि मुलाच्या ऑनलाइन क्लासमध्ये आवाज तुटायचा. दुसरा प्रकार असा, की अधूनमधून पेटीवरचे सगळे दिवे एकदम विझायचे आणि ती आपोआप पुन्हा सुरू व्हायची. ग्राहक सेवा केंद्राचे उत्तर दोन्हींसाठी एकच होते: राउटर बंद करून चालू करा. तसे केल्यावर काही काळ बरे वाटते यात शंका नाही, कारण सुरू होताना राउटर नव्याने चॅनेल (हवेतली आपली रेडिओ-वाट) निवडतो आणि अडकून पडलेल्या जोडण्या मोकळ्या होतात. परंतु मूळ कारण जागच्या जागी राहते आणि तक्रार मात्र ‘निवारण झाले’ असा संदेश येऊन बंद होते. सेवेतील ही त्रुटी मला सर्वांत गंभीर वाटते.

अशा वेळी दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा आहे की घरातल्या हवेतला, म्हणजे वाय-फायचा आहे, हे सर्वप्रथम वेगळे करावे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा, पडद्यावर कमांडच्या दोन खिडक्या उघडाव्यात आणि एकीत राउटरच्या पत्त्यावर (आमच्याकडे तो 192.168.1.1 आहे) व दुसरीत 8.8.8.8 या गूगलच्या पत्त्यावर सतत पिंग (उत्तर किती वेळात येते ते मोजणारी हाक) चालू ठेवावे. आमच्याकडे केबलवर ऐन संध्याकाळीही दोन्ही उत्तरे बिनचूक येत होती आणि वेगही 94-95 एमबीपीएस मिळत होता. तोच लॅपटॉप वाय-फायवर घेतला, की हाताच्या अंतरावरच्या राउटरचे उत्तर कधी 3 मिलिसेकंदांत, कधी 400 मिलिसेकंदांत, तर कधी येतच नसे. राउटरच वेळेवर उत्तर देत नसेल, तर त्यापलीकडच्या लाइनला दोष देण्यात अर्थ उरत नाही.

कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञाचे येथे मनापासून कौतुक करायला हवे. त्याने फायबरचे टोक काढून, पुसून, मीटरवर प्रकाशाची पातळी मोजून दाखवली. ती उणे 21 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) होती. अशा पेटीला साधारण उणे 8 ते उणे 27 या दरम्यानची पातळी चालते, म्हणजे लाइन निर्दोष होती. ‘लॉस’चा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागत नसेल आणि ‘पॉन’चा (फायबर जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर असेल, तर बहुतेक वेळा फायबरकडे बोट दाखवू नये, हेही त्यानेच समजावून सांगितले.

हवेतला दोष मात्र आमच्या इमारतीच्या रचनेतच होता. प्रत्येक मजल्यावर फायबर एकाच डक्टमधून वर येते, त्यामुळे बहुतेक सर्व घरांत राउटर मुख्य दारापाशी, अगदी त्याच जागी बसवलेला आहे. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे राउटर एकमेकांपासून जेमतेम एका स्लॅबच्या किंवा एका भिंतीच्या अंतरावर आहेत. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनेल दिसत असले, तरी ते 5-5 मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाला सुमारे 20 मेगाहर्ट्झ जागा लागते, म्हणून एकमेकांवर चढू नयेत यासाठी सहसा 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल वापरतात. मोबाइलवरील वाय-फाय अॅनालायझर अॅप उघडले, तेव्हा पडद्यावर कमानींची (एक कमान म्हणजे एक वाय-फाय) नुसती गर्दी दिसली आणि आमची पेटी त्यातच 40 मेगाहर्ट्झ रुंदी घेऊन जवळजवळ अर्धा पट्टा अडवून बसली होती. रुंदी 20 वर आणून चॅनेल 11 कायम केल्यावर गचके लक्षणीय कमी झाले. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, हे ध्यानात घेऊन राउटर त्याच्या भिंतीला लावू नये.

वाय-फायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जागा भरपूर असते, पण तिथे वेगळी गोष्ट सापडली. 52 ते 64 आणि 100 ते 144 हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. रडारसारखा संकेत ऐकू आला, की राउटरला ते चॅनेल सोडावे लागते, आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जाण्यापूर्वी किमान एक मिनिट नुसते ऐकत थांबावे लागते. ‘ऑटो’वर ठेवलेली पेटी वारंवार 52 वर जात होती. ती 36 वर कायम केल्यावर, 5 गिगाहर्ट्झचे नाव मधूनच यादीतून नाहीसे होणे थांबले. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे मोबाइल कोणत्या पट्ट्यावर आहे ते नक्की कळते.

आपोआप बंद पडण्याचे कारण अॅडॉप्टर निघाले. राउटरच्या स्टेटसच्या पानावर तो किती वेळ चालू आहे हे दिसते, त्यावरून वीज गेलेली नसतानाही तो नव्याने सुरू झाल्याची खात्री पटली. अॅडॉप्टर नुसता तपासला तर मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसतातच. त्यातला कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) कमजोर झाला असेल, तर भार वाढल्यावर व्होल्टेज खाली येते आणि राउटर दचकून बंद पडतो. नवा अॅडॉप्टर घेताना व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू तीच हवी, अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात. तंत्रज्ञाने तो तिथल्या तिथे बदलून दिला. पेटी चपलांच्या बंद कपाटात होती. ती बाहेर काढल्यावर तिचे तापणेही कमी झाले.

एवढे सगळे करूनही आतल्या बेडरूममध्ये वेग 10 एमबीपीएसच्या वर जाईना, आणि यात पेटीचा दोष नाही. नव्या टॉवरमधील बरीच घरे माइव्हन पद्धतीची आहेत. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध ओतले जातात, त्यामुळे घरातल्या आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत विटांची भिंत ओलांडणारा 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल येथे दुसऱ्या भिंतीपाशीच संपतो, आणि दहा हजारांचा राउटर आणला तरी काँक्रीट काही पातळ होत नाही. बिनतारी रिपीटरही मी सुचवणार नाही. अर्धमेला सिग्नल घेऊन तो पुढे अर्धमेलाच देतो.

उपाय तारेचाच आहे. बिल्डरने हॉलपासून बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलसाठी पाइप टाकून ठेवलेला होता. इलेक्ट्रिशियनने त्यातल्या जुन्या केबलच्या टोकाला कॅट 6 ची (इंटरनेटसाठीची) केबल टेपने घट्ट बांधली, एकाने तिकडून ओढली, दुसऱ्याने इकडून सैल सोडली, आणि भिंतीला एकही छिद्र न पाडता तार आत पोहोचली. तिच्या टोकाला अडीच हजारांच्या आसपासचा दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावला. या मोडमध्ये दुसरा राउटर फक्त वाय-फाय पुरवतो आणि मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटण्याचे काम मूळ पेटीच करते, म्हणून दोघांत गोंधळ होत नाही. वाय-फायचे नाव व पासवर्ड तेच ठेवले, चॅनेल मात्र वेगळे दिले. आता बेडरूममध्येही 90 एमबीपीएस मिळतात.

पेटीच्या सेटिंग्जबाबत माझी नाराजी कायम आहे. ग्राहकाला मिळणाऱ्या लॉगिनमध्ये चॅनेल आणि पासवर्ड बदलता येतो, पण ब्रिज मोडसारखे (पेटीचे राउटरचे काम बंद करून ते आपल्या राउटरकडे देण्याचे) पर्याय लपवलेले आहेत. शिवाय मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रिसेट करण्याचा सल्ला फोनवर सहज दिला जातो, पण त्यामुळे आपण बदललेले सर्व पुसले जाते आणि काही जोडण्यांमध्ये कंपनीचे युजरनेमही जाऊन इंटरनेट पूर्ण बंद पडते. त्याआधी सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा.

एक-दोन खोल्यांच्या किंवा विटांच्या भिंतींच्या घरात ही पेटी, चॅनेल नीट लावून आणि मोकळ्या जागी ठेवून, पुरेशी आहे. माइव्हनच्या दोन-तीन बेडरूमच्या घरात ती केवळ दाराशी फायबर उतरवण्यापुरती धरावी. आणि जे आता घराचा ताबा घेत आहेत, त्यांनी फॉल्स सीलिंगचे काम सुरू होण्यापूर्वीच इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत कॅट 6 ची एकेक तार ओढून घ्यावी.